मृदंगाची धूम रेकॉर्डिंगमध्ये उतरवताना : मे-जून २०२५

३ मे, शनिवार

आमच्या गावच्या भजनी मंडळात आप्पा ४५ वर्षं मृदंग वाजवतायत. वय ७४. काकड्यात, सप्ताहात लोकांनी त्यांचं वाजवणं मोबाईलवर कितीदा तरी टिपलंय. त्यातलं कुठलंही काढून ऐका, आप्पांचा डावा हात त्यात सापडत नाही. टाळ आहेत, चाल आहे, उजव्या हाताचा 'ता' आहे. समोर बसलेल्याच्या छातीत डाव्या हाताच्या ज्या 'घे' या बोलाने हलतं, तो 'घे' नाही.

तो एकदा नीट उतरवायचा, एवढंच काम हाती घेतलंय. १९ जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघते. त्याआधी हरिपाठ आणि चार अभंग तयार पाहिजेत, कारण दिंडीच्या टेम्पोवर वाटेत तेच लावायचे आहेत. मी हडपसरला नोकरी करतो, गाव सासवडजवळ. म्हणजे शनिवार-रविवारच हातात. ज्यांना आपल्या गावच्या मृदंगाचं असं काही करायचंय, त्यांच्यासाठी झालेलं सगळं इथे लिहून ठेवतोय, चुकांसकट.

ज्यांनी मृदंग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मृदंगाच्या तोंडावरचं कातडं म्हणजे पुडी. उजवीकडची लहान पुडी ती शाई, तिच्यावर काळी शाई कायमची बसवलेली असते. डावीकडची मोठी ती धूम. तिला वाजवायच्या आधी दर वेळी ओली कणीक लावतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. गंभीर आवाज जो काही आहे तो या कणकेचा.

संध्याकाळी आमच्या माडीवरच्या खोलीत पहिला प्रयत्न केला. हातात धरायचा रेकॉर्डर माझ्याकडे आधीपासून आहे. मृदंग खोलीच्या मधोमध, त्यापासून चार फुटांवर स्टँडवर रेकॉर्डर. आप्पांनी तासभर वाजवलं. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर धूम जवळजवळ नाहीच. पत्र्याच्या डब्यावर थाप मारावी तसा आवाज.

४ मे, रविवार

कारण सकाळी सापडलं. रेकॉर्डरच्या मागे एक छोटं बटण आहे, वाऱ्याची घरघर कापण्यासाठी. ते सुरू होतं. सुमारे ८० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) खालचं सगळं ते कमी करतं, आणि आप्पांची धूम नेमकी त्याच्या खाली. मागच्या वर्षी शेतात एक मुलाखत घेतली होती तेव्हा मीच ते लावलं होतं आणि विसरलो होतो. एक संध्याकाळ गेली, त्यापेक्षा ७४ वर्षांच्या माणसाचा तासभराचा हात गेला याचं वाईट वाटलं. आप्पा मात्र म्हणाले, "तेवढीच आमची तालीम झाली, पोरा."

तुम्ही सुरू कराल तेव्हा आधी हे बटण बघा. काही रेकॉर्डरमध्ये ते बाहेर नसतं, आत मेनूमध्ये दडलेलं असतं.

बटण बंद करून पुन्हा घेतलं. या वेळी धूम थोडी आली, पण जोरकस थापेला आवाज फाटला. पातळी मी चालू लयीतल्या वाजवण्यावर ठरवली होती, आणि आप्पा द्रुतात गेल्यावर दुप्पट जोराने वाजवतात. आता २४ बिटवर घेतोय आणि सर्वांत मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही (शून्याला आवाज फाटतो). २४ बिटमध्ये पातळी खाली ठेवली तरी नंतर वाढवता येते, फाटलेलं मात्र शिवता येत नाही.

१० मे, शनिवार

आज माईकला हातच लावला नाही. फक्त धूम आणि कणीक.

मंडळाची गायची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी. शाई त्या सुरात, धूम तिच्या खालच्या सप्तकात. हिशेबाने धूम ६९ हर्ट्झच्या आसपास यायला हवी. फोनमध्ये कंप मोजणारं फुकट ॲप घातलं, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आणि कणकेचे गोळे तोलून लावत गेलो. ६० ग्रॅमला ७८ हर्ट्झ. ९० ग्रॅमला ६९ ते ७०. हावेपोटी १३० ग्रॅम लावून बघितली. ६१ पर्यंत खाली गेली, पण थाप मारली की लगेच विझते, नुसता 'थप'. खोल आवाजासाठी कणीक वाढवत न्यायची हा माझा समज तिथेच संपला. पुडी झेपेल तेवढंच ओझं घेते.

आणखी दोन गोष्टी कळल्या. कणीक मध्यावर नसेल, अर्ध्या इंचानेही सरकली असेल, तर घुमारा डगमगतो. आणि कणीक चांगली मळलेली, सैल पाहिजे. आईने चपातीसाठी भिजवलेल्या कणकेत मीठ-तेल असतं, ती पुडीला नीट धरत नाही आणि कातड्यालाही बरी नव्हे. नुसतं पीठ आणि पाणी.

एवढं करूनही सूर ठरेना. काठाकाठाने टिचकी मारत गेलो तर एका बाजूला सूर चढा, समोरच्या बाजूला उतरलेला. कातडी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पाहिले. आप्पा शांतपणे म्हणाले, "धुमेची पुडी संपलीय. दोन वर्षं सांगतोय मंडळाला." मला ते ३ तारखेलाच विचारायला हवं होतं. आठवडाभर मी माईकमध्ये दोष शोधत होतो.

१४ मे, बुधवार

रजा टाकली. आप्पांना घेऊन आळंदीला गेलो, मृदंग भरणाऱ्या कारागिराकडे. नवी धुमेची पुडी, वाद्या ओढून, दोन गठ्ठे बदलून १६०० रुपये. जाण्यायेण्याचे २४०. कारागिराने बजावलं की नवं कातडं आठ-दहा दिवस वाजत राहिलं पाहिजे, ताणत जाईल, सूर उतरत जाईल, तोवर पक्कं काही घेऊ नका.

परत येताना आप्पा बसमध्ये पूर्ण वेळ मृदंग मांडीवर धरून बसले होते. वर ठेवायला दिला नाही.

१८ मे, रविवार

काल आणि आज, दोन्ही दिवस वाया. पण या नोंदीतून इतरांचे पैसे वाचतील.

नवी पुडी छान बोलतेय, खोलीत बसून ऐकताना धूम भरून येते. रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा अर्धीच. मला वाटलं खोलीचा दोष असेल, भिंतींवरून आवाज परत येतोय. व्हिडिओ बघून अंड्याचे ६० ट्रे आणले, ८ रुपयाला एक, आणि १२० ची चिकटपट्टी. सहाशे रुपये गेले, एक दुपार चिकटवण्यात गेली. फरक? टाळ्या वाजवल्या तर आवाज किंचित मऊ येतो. धुमेला काडीचाही फरक नाही. मग गोधड्या टांगल्या, सतरंज्या अंथरल्या. त्याने शाईची चमक गेली, टाळ बोथट झाले, आणि धूम होती तिथेच. म्हणजे उलट नुकसान.

याचं कारण नंतर एका जाणत्या मित्राकडून कळलं. ६९ हर्ट्झच्या लाटेची लांबी पाच मीटर. इंचभर पुठ्ठा किंवा गोधडी तिच्या आड येऊच शकत नाही. तिला अडवायला कोपऱ्यात दीड-दोन फूट जाडीचं काही तरी लागतं.

रात्री सगळे ट्रे काढले. भिंतीचा रंग दोन ठिकाणी निघाला.

२१ मे, बुधवार

रात्री साडेनऊला गावी पोचलो, फक्त एक प्रयोग करायला. मित्राने दिलेल्या पाच इंची स्पीकरवर ६९ हर्ट्झचा एकच सूर सतत लावला, हळू आवाजात, आणि खोलीत चालत फिरलो.

हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याने एकदा घ्यावाच. भिंतीला कान लावला की सूर भरभरून. चार पावलं आत आलो की नाहीसा. खोलीच्या मध्यावर पुन्हा भरून आला, पुढे पुन्हा गेला. टेपने मोजलं. खोलीची लांबी १६ फूट. सूर नाहीसा होण्याच्या जागा भिंतीपासून बरोबर ४ फूट आणि १२ फूट.

३ तारखेपासून माझा रेकॉर्डर कुठे होता? मृदंग मध्यावर, ८ फुटांवर, त्यापासून रेकॉर्डर ४ फूट अलीकडे. म्हणजे दर वेळी मी तो नेमका त्या खड्ड्यात उभा करत होतो. समोर बसलेल्या आप्पांना धूम ऐकू यायची, कारण ते मध्यावर. १६ फुटी खोलीत ७१ हर्ट्झच्या आसपास अशी लाट उभी राहते आणि आप्पांची धूम ६९. एवढा दुर्दैवी मेळ सहसा जमत नाही, पण तुमच्या खोलीची लांबी वेगळी असेल तर दुसरा कुठला तरी सूर असाच गिळला जात असेल.

रेकॉर्डर चार फूट हलवला, दुसरं काहीही न करता. धूम आली. तीन आठवडे लागले या चार फुटांना.

२५ मे, रविवार

या खोलीत १४ टाळकरी मावत नाहीत, म्हणून आज देवळाच्या सभामंडपात पूर्ण मंडळाचं रेकॉर्डिंग ठरवलं होतं. पहाटेपासून पाऊस. मे महिन्यात असा पाऊस आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. वरच्या पत्र्यावर इतका आवाज की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळेना. मंडळी जमली होती, पोहे-चहा झाला, आणि सगळे घरी गेले.

त्याहून मोठी अडचण मृदंगाची. हवेतला ओलावा कातड्यात शिरला आणि धूम कणीक न वाढवता ६३ वर उतरली. गठ्ठे ठोकून वर आणली तर शाईही चढली, कारण वाद्या दोन्हीकडच्या एकच. मी मृदंग लाकडी पेटीत ठेवून आत ४० वॅटचा बल्ब लावायचं ठरवलं. आप्पा आले तेव्हा बल्ब पुडीपासून वीतभर अंतरावर होता. ते माझ्यावर प्रथमच रागावले. "कातडं आहे ते, भाकरी नाही शेकायची." बल्ब पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, मध्ये पुठ्ठा उभा केला. दोन तासांनी धूम ६८ वर. तेवढं पुरे म्हणाले.

१ जून, रविवार

पहाटे साडेचारला सभामंडपात. ही वेळ आप्पांनी सुचवली. काकड्याची वेळ, हात मोकळा असतो आणि रस्ता शांत असतो.

सभामंडप तीन बाजूंनी उघडा, खाली फरशी. घरच्या खोलीसारखी लाट इथे अडकून उभी राहत नाही, खालचा आवाज बाहेर निघून जातो. त्यामुळे माईक लांब ठेवला तर धूम बारीक वाटते, पण जवळचा माईक अगदी स्वच्छ. तो सौदा मला मान्य होता.

भाड्याने आणलं: पाश्चात्त्य ड्रमच्या मोठ्या ढोलासाठी असतो तसला एक माईक (३५० रुपये दिवसाला), पूर्ण मंडळासाठी कंडेन्सर माईकची जोडी आणि चार माईक कॉम्प्युटरला जोडणारं इंटरफेस (९०० दिवसाला). शाईसाठी माझ्याकडचा साधा गाण्याचा माईक. दोन केबल विकत घ्याव्या लागल्या, ९००.

धुमेचा माईक कुठे ठेवायचा यात सव्वा तास गेला. कणकेच्या समोर मध्यावर धरला तर नुसता धपका, सूर नाही. दोन इंचांवर आणला तर माईकच आवाज फुगवतो, सगळं गदळ. शेवटी सहा इंचांवर, मध्यापासून काठाकडे तीन-चार इंच सरकवून, जरा तिरका. तिथे थापही आहे आणि मागून येणारा घुमाराही. पण आप्पांचा हात थाप मारून बाहेर येतो तेव्हा हाताचा वारा माईकवर बसायचा आणि 'फुप' असा आवाज यायचा. माईकवर जाड स्पंज चढवला, तोंड थोडं खाली केलं. मृदंग थेट फरशीवर टेकला की फरशीची धडधड येते, म्हणून खाली गोधडीची घडी.

पंखा बंद ठेवा. आम्ही सुरुवातीला चालू ठेवला होता, त्याच्या वाऱ्याने ४० मिनिटांत कणीक वाळून हलकी झाली आणि धूम ६९ ची ७४ वर गेली. हरिपाठाच्या सुरुवातीला आणि शेवटाला मृदंगाचा सूर वेगळा. तो टेक गेला. नंतर दर दोन अभंगांनी ओलं बोट फिरवलं.

टाळांचं काय करायचं ही भीती होती. १४ जोड्या वाजू लागल्या की दुसरं काही ऐकू येत नाही. आप्पांना एकट्याने वाजवा म्हणून विचारलं. टाळाशिवाय हात उठत नाही म्हणाले, आणि ते खरंही आहे. एकट्याने वाजवलेलं वारकरी भजन कसलं? मग तोडगा असा: टाळांचा आवाज सगळा वरचा आहे, २०० हर्ट्झच्या खाली त्यात जवळजवळ काही नाही. म्हणून धुमेच्या माईकचा २५० च्या वरचा भाग मिक्सच्या वेळी, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करताना, कापून टाकायचा. टाळ आपोआप बाहेर, धूम शिल्लक. शाईची कडक थाप दुसऱ्या माईकवर आणि मंडळाच्या जोडीवर आहेच.

सहा वाजून दहा मिनिटांनी दुधाचा टेम्पो देवळाशेजारी इंजिन चालू ठेवून उभा राहिला. कानाला फार वाटला नाही, पण पडद्यावर ३० ते ८० हर्ट्झमध्ये भिंतच उभी. शेवटचे दोन अभंग त्यात गेले.

४ जून, बुधवार

रात्री मिक्सला बसलो. धुमेचा ट्रॅक एकटा ऐकला तर अंगावर काटा. शाईचा ट्रॅक जोडला आणि धूम निम्मी झाली.

हे कारण मला ठाऊक होतं, तरी पाच मिनिटं गोंधळलो. धुमेवर थाप पडते तेव्हा डावं कातडं आत जातं, आतली हवा दाबली जाऊन उजवं कातडं बाहेर येतं. दोन्हीकडे माईक असतील तर एकाला जोर तर दुसऱ्याला ओढ मिळते आणि खालचा आवाज एकमेकांत वजा होतो. शाईच्या ट्रॅकचा फेज उलटा केला, म्हणजे त्याची लाट उलटवली, धूम परत आली. एका बटणाचं काम.

मग मंडळाची कंडेन्सर जोडी जोडली. पुन्हा धूम पातळ. या वेळी नुसता फेज उलटून भागेना, ६९ जुळला तरी वरचे सूर बिघडायचे, कारण इथे अंतराचा घोटाळा. ही जोडी मृदंगापासून ९ फुटांवर होती. तिथे आवाज धुमेच्या माईकपेक्षा सुमारे साडेसात मिलिसेकंद उशिरा पोचतो. ६९ हर्ट्झचं एक आवर्तन साडेचौदा मिलिसेकंदांचं, म्हणजे उशीर जवळजवळ अर्ध्या आवर्तनाचा. जोडीचा ट्रॅक तेवढा आधी सरकवून पाहिला. धूम जुळली, पण मंडपाचा मोकळेपणा गेला, सगळं चेहऱ्याला चिकटल्यासारखं. मग साधा मार्ग धरला: त्या जोडीचा १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापला. धूम फक्त जवळच्या माईकची, बाकी हवा जोडीची.

७ जून, शनिवार

तीच चूक दुसऱ्यांदा केली, म्हणून लिहितो.

माडीवर टेबल मांडलं, स्पीकर नीट समोर ठेवले होते. दोन संध्याकाळी खपून हरिपाठाचा मिक्स केला. धूम थोडी कमी वाटत होती म्हणून ७० च्या आसपास ६ डेसिबल वाढवली. चुलतभावाच्या गाडीत लावलं तर धूम इतकी अंगावर आली की शब्द कळेनात, काचा थरथरल्या. भाऊ खूश. "दादा, एकदम डीजे!" मला मात्र लाज वाटली. आप्पा असं वाजवत नाहीत. त्यांची धूम शब्दाच्या खाली असते, शब्दावर बसत नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती छातीवर आदळतात तो जोर वेगळा आणि मृदंगाचं गांभीर्य वेगळं. या कामात मला ते दुसरं हवंय.

खुर्ची कुठे होती ते मोजलं. भिंतीपासून ४ फूट. २१ मेला स्वतः टेपने मोजलेली जागा, आणि तिथेच खुर्ची टाकून बसलो. खुर्ची ६ फुटांवर आणली, वाढवलेले ६ डेसिबल काढून टाकले. दोन कोपऱ्यांत घरातल्या चार कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या, त्यानेही थोडा समतोल आला. त्याला पैसे लागले नाहीत, फक्त पाहुणे आले तेव्हा अडचण झाली.

८ जून, रविवार

दुसरं रेकॉर्डिंग, पहाटे चारला. दूधवाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं, त्याने टेम्पो पाराजवळ लावला. पाऊस नव्हता. कणीक ९० ग्रॅम, धूम ६९, पंखा बंद.

माईकच्या जागा १ तारखेला खडूने फरशीवर आखल्या होत्या, त्यामुळे मांडणी वीस मिनिटांत झाली. पाच वाजायच्या सुमारास आप्पांचा हात लागला. चौथ्या अभंगात विणेकरी तात्यांनी चाल सोडली, लय चढली, आणि आप्पांनी 'घे' ओढून तळहाताने दाबत असा वर नेला की टाळकऱ्यांपैकी दोघे बसल्या जागी उठले. तो टेक एकच घेतला. दुसरा घ्या म्हणायची माझी हिंमत झाली नाही, गरजही नव्हती.

११ जून, बुधवार

टेम्पोवर लावून बघितलं. टेम्पोवर दोन कर्णे आहेत, आणि कर्ण्यातून धूम शून्य. मोबाईलच्या स्पीकरवरही शून्य. सगळं करून शेवटी ३ मेच्या जागी येऊन उभा राहिलो असं क्षणभर वाटलं.

कर्णा ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काढतच नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा ध्वनिमुद्रण विजेवर होत नसे, गायचं ते कर्ण्यातच. १९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत अशा तबकड्यांवर खालचे सूर नीट उमटत नसत. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांत डग्गा हरवलेला वाटतो तो त्यामुळे. सव्वाशे वर्षांनी खिशातला मोबाईल पुन्हा तिथेच आणून ठेवतो.

पण कानाची एक खुबी कामी येते. ६९ चा सूर मिळाला नाही तरी त्याच्या पटीतले १३८, २०७, २७६, ३४५ हे सूर एकत्र मिळाले की कान खालचा सूर स्वतः भरून घेतो. धुमेच्या ट्रॅकची एक प्रत केली, तिला हलकंसं फाडलं, म्हणजे पटीतले सूर तयार झाले. मग तिचा १५० च्या खालचा भाग कापला आणि मूळ ट्रॅकखाली अगदी बारीक मिसळली. एकटी ऐकली तर वाईट वाटते, घोगरी. मिक्समध्ये ओळखू येत नाही, पण कर्ण्यावर आता 'घे' कळतो. छातीत हलत नाही, तरी हात कुठे पडला ते कळतं. पहिल्यांदा मी ती प्रत जास्त मिसळली होती, त्याने हेडफोनवर मृदंग प्लॅस्टिकचा वाटायला लागला. निम्म्याने कमी केली.

३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. तिथे संगीत काही नाही, फक्त लांबच्या रस्त्याची घरघर, आणि ती स्पीकरची ताकद विनाकारण खाते.

१५ जून, रविवार

हरिपाठ आणि तीन अभंग पूर्ण. चौथा, म्हणजे तो ८ जूनचा, आहे तसाच ठेवलाय. त्यात मध्ये एका टाळाची दोरी तुटल्याचा आवाज आहे, काढला नाही. दोन प्रती केल्या: एक टेम्पोच्या कर्ण्यांसाठी, एक घरी चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी. दुसरीत ती फाडलेली प्रत नाही. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे आवाज आहे तसा पोचतो.

खर्च: पुडी आणि ओढणावळ १६००, प्रवास २४०, अंड्याचे ट्रे ६००, ढोलाचा माईक दोन दिवस ७००, कंडेन्सर आणि इंटरफेस दोन दिवस १८००, केबल ९००, रेकॉर्डरचे सेल १६०, तिन्ही वेळचा पोहे-चहा मिळून ११५०. एकूण ७१५०. त्यातले ट्रेचे ६०० पूर्ण वाया. पुडीचे पैसे मंडळाने नंतर दिले. वेळ मोजला तर साधारण ७० तास, त्यातले किमान ३० चुकीच्या जागी माईक आणि खुर्ची ठेवण्यात.

पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवशी मृदंग भरणाऱ्याकडे जाईन, दुसऱ्या दिवशी एक सूर लावून खोलीत फिरेन, माईक तिसऱ्या दिवशी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आप्पा 'घे' तळहाताने दाबून वर नेतात तेव्हा सूर ६९ वरून ९० च्या पुढे सरकतो, आणि त्या वाटेवर मधेच आवाज जरा पातळ होतो. माईकची जागा म्हणावी तर बाकी सगळं स्वच्छ आहे. फरशीवरून परत येणारा आवाज असावा असा अंदाज आहे. वारीहून आल्यावर माईकखाली गादी घालून बघणार.

काल रात्री आप्पांना घरच्या स्पीकरवर ऐकवलं, खुर्ची ६ फुटांवर ठेवून. डोळे मिटून पूर्ण हरिपाठ ऐकला. संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या अभंगाला कणीक वाळली होती रे थोडी." मी फाइल उघडून मोजलं. ७१ हर्ट्झ.